आधी डॉक्टर, मग खिडकी?

सरकारी रुग्णालयाच्या इमारतीबद्दल कुणी काही सुचवायला गेलं, की एक उत्तर हमखास मिळतं. भूलतज्ज्ञाची जागा दोन वर्षं रिकामी आहे, साप चावलेल्या माणसाला लशीसाठी जिल्ह्याच्या गावी पिटाळावं लागतंय, आणि तुम्ही खिडक्या, झाडं, उजेड असल्या गोष्टी कसल्या करता? आधी डॉक्टर द्या, औषधं द्या, इमारतीचं नंतर बघू. हे बोलणारी माणसं निर्दय नसतात. बऱ्याचदा ती त्याच रुग्णालयात तुटपुंज्या साधनांनिशी रात्रंदिवस राबणारी असतात, आणि त्यांचा वैताग खरा असतो. म्हणूनच त्यांच्या युक्तिवादाला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी पोटोबा, मग विठोबा असा हा हिशेब आहे. ऐकताना तो पटतो. पण यात पोटोबा कोण आणि विठोबा कोण, हे ठरवतानाच गफलत होते. श्वासाला चांगली हवा, डोळ्यांना उजेड, रात्री झोप लागेल इतकी शांतता, न घसरता संडासापर्यंत जाता येणं आणि जवळच्या माणसाला पाठ टेकायला जागा, या गोष्टी रोगी बरा होण्याच्या कामात औषधाइतक्याच धरल्या पाहिजेत. त्यांना शोभेच्या खात्यात टाकल्यामुळेच आपली रुग्णालयं अशी झाली आहेत.

मुळात ‘डॉक्टर की खिडकी’ अशी निवड करायची वेळ कधी येतच नाही. डॉक्टरचा पगार आरोग्य खात्याच्या एका शीर्षाखाली पडतो, इमारतीचा पैसा दुसऱ्या शीर्षाखाली येतो आणि काम सहसा सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. खिडकी काढून टाकली म्हणून वाचलेल्या पैशातून कुठल्याही तालुक्याला भूलतज्ज्ञ मिळालेला नाही. आणि इमारत तर बांधली जातेच! कोट्यवधी रुपये घालून बांधली जाते. दर्शनी भागाला काच लागते, पोर्चला ग्रॅनाइट लागतं, आत फॉल्स सीलिंग चढतं, कोनशिला बसते. वॉर्डाची तोंडं पश्चिमेला करायची की उत्तर-दक्षिण, संडास वॉर्डाच्या कुठल्या टोकाला, खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंच, हे सगळं नकाशा कागदावर असताना ठरतं, आणि कागदावर ते बदलायला जवळजवळ काही लागत नाही. पैसा लागतो तो एकदा चुकीचं बांधून झाल्यावर.

सगळ्यात आधी हवेबद्दल बोलू, कारण तिथे वादाला जागा कमी आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. क्षय हवेतून पसरतो, आणि केसपेपरवर त्याचं नाव लिहिलं जाण्याआधी तो माणूस ओपीडीच्या बाकावर आणि मेडिसिनच्या वॉर्डात इतरांच्या सोबतीने खोकत असतो. पेरू देशाची राजधानी लिमा. तिथल्या आठ रुग्णालयांतल्या ७० खोल्यांमधली हवा संशोधकांनी मोजली आणि तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दारं-खिडक्या सताड उघडल्यावर १९५० पूर्वी बांधलेल्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत तासाला ४० वेळा हवा बदलत होती. त्यानंतर बांधलेल्या, खिडक्यांच्याच पण बुटक्या खोल्यांत १७ वेळा. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांसाठी शिफारस आहे १२ वेळांची. मग त्यांनी गणित मांडलं: उपचार सुरू न झालेल्या क्षयरुग्णाबरोबर एक दिवस आणि एक रात्र काढलेल्या शंभर जणांपैकी किती जणांना लागण होईल? यंत्राच्या खोलीत ३९, नव्या खिडक्यांच्या खोलीत ३३, जुन्या खोलीत ११. हा अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे, हे मान्य. पण एवढी तफावत घडवणारी गोष्ट एखाद्या कंपनीने बाटलीत भरून विकायला काढली असती, तर तिच्या खरेदीसाठी कधीच निविदा निघाली असती.

आता आपल्या जुन्या सिव्हिल हॉस्पिटलांकडे पाहा. ब्रिटिश अमदानीतल्या अनेक वॉर्डांना दोन्ही बाजूंनी खिडक्या होत्या, वर झरोके होते, बाहेरून रुंद व्हरांडा होता. या आराखड्याचा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेलने धरला होता. १८५९ साली तिने रुग्णालयांवर लिहिलेल्या पुस्तकात पहिली अट घातली ती अशी, की रुग्णालयाने निदान रुग्णाला अपाय तरी करू नये. रोग दूषित हवेच्या वासातून होतात असं ती मानत होती, जंतूंची कल्पना तिला बराच काळ पटलेली नव्हती. कारण चुकलं, पण उपाय बरोबर निघाला. तो उपाय पुढे आपण हाताने बुजवला. व्हरांडे अॅल्युमिनियमच्या सेक्शनने बंद करून तिथे रेकॉर्ड रूम थाटल्या. झरोक्यांना प्लायवूड ठोकलं. उरलेल्या खिडकीत कूलर बसला, आणि पुढे एसी आला तेव्हा ती खिडकी कायमची चिकटवून टाकली. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीतच सोडतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. कोविडच्या दोन वर्षांत हे घराघरांत माहीत झालं, तरीही नव्या वॉर्डांच्या नकाशांत तेच चालू आहे. ऑपरेशन थिएटरला आणि आयसीयूला गाळलेली, नियंत्रित हवा लागते, यात शंका नाही. पण थिएटरचा नियम तीस खाटांच्या मेडिसिन वॉर्डाला लावायचा, आणि गाळणीचा खर्च मात्र टाळायचा, यात दोन्हीकडून नुकसान आहे.

यावर विदर्भातले लोक विचारतील, आणि त्यांना विचारण्याचा हक्क आहे: मे महिन्यात चंद्रपूरला पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून माणसं भाजायची का? नाही. त्या दिवसांत गारवा लागणारच, यंत्राचाही लागणार. पण वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापून रात्रभर वॉर्डात उष्णता ओकतो, कारण त्याच्यावर सावली नाही, पांढरा लेप नाही. पश्चिमेच्या भिंतीला काच लावली जाते, कारण रस्ता पश्चिमेला आहे आणि इमारत रस्त्यावरून दिसायला हवी. छज्जा नाही, कारण तो आता जुनाट वाटतो. या चुका करून मग टनांच्या हिशेबाने एसी बसवायचे आणि वीज गेली की रुग्णांना पुठ्ठ्याने वारा घालायचा, याला उन्हाळ्यावरचा उपाय म्हणता येणार नाही. डासांचा प्रश्न जाळीने सुटतो, आणि जाळी फाटली की बदलायला एक माणूस लागतो. तो माणूस नेमलेला नसतो, हा दोष खिडकीचा नाही.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे. खिडकीतून झाड दिसलं म्हणून जखम भरते, ही कविता झाली, विज्ञान नव्हे, असं एका सर्जनने मला तोंडावर ऐकवलं होतं. विज्ञान काय सांगतं ते पाहू. रॉजर उलरिख या संशोधकाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका उपनगरी रुग्णालयातल्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण, वय वगैरे जुळवून लावलेल्या २३ जोड्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीबाहेर झाडं होती, दुसऱ्याच्या खिडकीबाहेर तपकिरी विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण ऑपरेशननंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडवाल्यांना जालीम वेदनाशामकं कमी लागली, आणि सिस्टरांनी त्यांच्याबद्दल ‘रडत होता, घाबरला होता’ अशा नोंदीही कमी केल्या. हे १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं.

एकच रुग्णालय, ४६ माणसं. एवढ्यावर राज्याचं धोरण उभारावं असं मी म्हणणार नाही, आणि झाडं लावली की खाटा लवकर मोकळ्या होतात असं सांगत फिरणाऱ्यांवर माझाही विश्वास नाही. पण तो अभ्यास एकटा राहिलेला नाही. इटलीत मिलानमध्ये द्विध्रुवी विकारातल्या नैराश्याचे रुग्ण पूर्वेकडच्या खोल्यांत ठेवले गेले तेव्हा ते पश्चिमेकडच्यांपेक्षा सरासरी ३.६७ दिवस आधी घरी गेले, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. कारण होतं सकाळचं ऊन. पिट्सबर्गला मणक्याच्या ऑपरेशननंतर उजेडाच्या बाजूला ठेवलेल्या रुग्णांनी अंधाऱ्या बाजूच्या रुग्णांपेक्षा तासागणिक २२ टक्के कमी वेदनाशामकं घेतली, हे २००५ मध्ये. आणि उन्हाचीच गोष्ट निघाली आहे तर ही ऐकाच: १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अशक्त बाळांना कोवळ्या उन्हात अंगणात नेत असत. एका बाळाची कावीळ उघड्या अंगावर फिकटलेली आणि कापडाखाली झाकलेल्या भागात तशीच पिवळी राहिलेली त्यांनी डॉक्टरांना दाखवली. १९५८ मध्ये त्यावरचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि आज जगभर नवजात बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात तो उपचार तिथून निघाला. बाळाला घरी उन्हात ठेवून कावीळ बरी करावी, असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण त्या रुग्णालयाला अंगण नसतं तर सिस्टर वॉर्ड बाळांना कुठे नेणार होत्या?

आता वॉर्डात जाऊ. आपला वास्तुविशारद उभ्या माणसासाठी नकाशा काढतो, कारण तो स्वतः उभा असतो आणि पाहणीला येणारे मंत्री, सचिव, अभियंतेही उभेच असतात. रुग्ण आडवा असतो. फिनलंडमध्ये पाइमिओ इथे आल्वार आल्टो याने क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम बांधलं, ते १९३३ मध्ये सुरू झालं. आडव्या माणसाला दिवसभर छतच दिसतं, म्हणून त्याने छताला डोळ्यांना निववणारा गडद हिरवट रंग दिला. दिवा नजरेत येणार नाही असा बसवला. खोलीतली ऊब पायांकडे जाईल अशी योजना केली. दोन रुग्णांच्या खोलीत एकाने हात धुतले तर दुसऱ्याची झोप मोडू नये, म्हणून पाण्याची धार तिरकी पडेल आणि आवाज होणार नाही असं बेसिन खास घडवलं. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. हवा, ऊन आणि विश्रांती एवढंच हाती होतं, म्हणून त्याने प्रत्येक गोष्ट औषध मोजावं तशी मोजली.

आपल्या जनरल वॉर्डात आडवं होऊन पाहा. बरोबर डोळ्यांवर ट्यूबलाइट, आणि ती रात्रभर चालू, कारण वॉर्डाला बटण एकच आहे आणि सिस्टरला एका कॉटवरचं सलाईन बदलायचं असलं तरी तीसही माणसांना जागं करावं लागतं. कॉटजवळचा छोटा दिवा ही काही परदेशी चैन नाही. खिडकी आहे, पण तिची खालची कड इतकी वर आहे की पडल्या पडल्या फक्त गज दिसतात. स्ट्रेचरची चाकं टाइलच्या सांध्यांवरून खडखडत जातात. हवेत खरखरीत आवाज भरून राहतो, कारण फरशी, भिंती आणि छत सगळंच कडक आहे, आवाज शोषणारं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रात्रीच्या वॉर्डासाठी सुमारे ३० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडे रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात रात्री ४० डेसिबलचा नियम आहे, पण तो बाहेरच्या भोंग्यांसाठी. आतल्या गोंगाटाबद्दल कुणी बोलत नाही.

मग संडास. तो वॉर्डाच्या टोकाला, बहुतेक वेळा दोन वॉर्डांमध्ये मिळून. हर्नियाचं ऑपरेशन होऊन दुसराच दिवस असलेला माणूस एका हाताने पोट धरून, दुसऱ्या हातात सलाईनची बाटली उंच धरून तिथवर जातो. दाराशी पाणी अडवायला उंबरा केलेला असतो, तो ओलांडायला त्याला पाय उचलावा लागतो आणि टाके ताणले जातात. आत धरायला दांडा नाही. बाटली अडकवायला खिळा नाही, म्हणून तो ती दाताने धरतो किंवा बायकोला आत बोलावतो. दार आत उघडतं. म्हणजे तो आत चक्कर येऊन पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं, आणि बाहेरच्यांना ते ढकलताही येत नाही. दार बाहेर उघडेल असं बसवायला किती जास्त पैसे लागतात? एकही नाही. बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला लागतात, एवढंच. ‘आधी डॉक्टर, मग इमारत’ म्हणणाऱ्यांना मला हे दार दाखवायचं आहे. पडलेल्या माणसाच्या मोडलेल्या खुब्यावर नंतर उपचार करणार आहे तो डॉक्टरच ना?

आयसीयूबद्दल एक अनुभव सांगते. माझ्या आईला एका खासगी रुग्णालयात खिडकी नसलेल्या आयसीयूत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने मला विचारलं, “पहाट झाली का गं? सडा घालायचा राहिलाय.” त्या रात्री तिने हाताची सुई उपटून काढली आणि मग तिचे हात बांधले गेले. म्हाताऱ्या माणसांना असं होतंच, असं मला सांगण्यात आलं. होतं हे खरं, पण ‘होतंच’ हे खरं नाही. येल विद्यापीठाच्या रुग्णालयात शेरॉन इनोये आणि सहकाऱ्यांनी सत्तरी आणि त्यापुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला दिवस-वेळ सांगत राहणं, चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ देणं, रात्री झोपू देणं, लवकर चालवणं, अशा साध्या गोष्टी नेमाने केल्यावर असा भ्रम होणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. तो अभ्यास आयसीयूचा नव्हता, साध्या वॉर्डांचा होता, आणि त्या गोष्टी करणारी माणसं होती, भिंती नव्हत्या. पण दिवस आणि रात्र यांतला फरकच कळू न देणाऱ्या खोलीत ही माणसं काय करणार? समोर एक घड्याळही नव्हतं. आईचा चष्मा माझ्या पर्समध्ये होता, कारण आत काही ठेवायला जागा नाही म्हणून तो माझ्याकडे परत दिला होता.

सगळ्यात मोठी चूक मात्र नातेवाइकाच्या बाबतीत होते, आणि ती नकाशातच होते. “पेशंटजवळ कोण आहे?” ही हाक ऐकली नाही असा वॉर्ड महाराष्ट्रात सापडणार नाही. रक्ताची बाटली आणायला, एक्स-रेला ढकलत न्यायला, बेडपॅन द्यायला, कपडे बदलायला, सलाईन संपत आलं की धावत जाऊन सांगायला तोच माणूस लागतो. आपली सरकारी रुग्णालयं नातेवाइकाच्या श्रमावर चालतात. पण नकाशावर एका खाटेमागे एकच माणूस धरलेला असतो. त्या दुसऱ्या माणसाला बसायला स्टूल नाही, झोपायला जागा नाही, अंघोळीला मोरी नाही, भाकरी खायला कट्टा नाही. तो कॉटखाली चटई टाकतो आणि सकाळी राऊंडच्या वेळी त्याला वॉर्डाबाहेर काढलं जातं. मग इमारत बांधणारेच म्हणतात, ‘इथे एवढी गर्दी, काय डिझाइन करणार?’ अहो, ती गर्दी तुमचीच बिनपगारी माणसं आहेत. त्यांना मोजलं नाही म्हणून ती गर्दी दिसते.

हे कळायला परदेशी पदवी लागत नाही. गाडगेबाबांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. आणि गडचिरोलीला डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी शोधग्रामात रुग्णालय बांधायच्या आधी आदिवासींनाच विचारलं, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरं मिळाली ती कुठल्याही वास्तुशास्त्राच्या अभ्यासक्रमात नव्हती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. आत गेलं की वाट सापडत नाही. पांढरे कपडे घातलेली माणसं पाहून मेल्या माणसाला गुंडाळतात ते कापड आठवतं. नातेवाइकांना बाहेर काढतात. आणि तिथे आमचा देव नाही. मग रुग्णालय झोपड्यांचं झालं, गोंड गावासारखं, रुग्णाचं माणूस त्याच्याजवळ राहील असं, आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव दिलं गेलं. याला कुणी भाबडेपणा म्हणेल. पण ज्या रुग्णालयात रुग्ण पाऊल टाकायलाच घाबरतो, तिथल्या सर्वोत्तम डॉक्टरचा उपयोग कुणाला?

गरीब देशाला हे परवडत नाही असं म्हणणाऱ्यांनी रवांडाकडे पाहावं. तो आपल्यापेक्षा गरीब आहे. तिथे उत्तरेतल्या डोंगराळ भागात बुतारो इथे २०११ मध्ये एक जिल्हा रुग्णालय सुरू झालं. आतले बोळ काढून टाकून ये-जा करायच्या वाटा बाहेरून, उघड्या व्हरांड्यांतून नेल्या, म्हणजे खोकणारी माणसं बंद बोळात एकत्र बसणार नाहीत. वॉर्डात खाटांचं डोकं भिंतीला लावायच्या रूढ पद्धतीऐवजी मधोमध एक बुटकी भिंत घालून खाटा तिला टेकवल्या, त्यामुळे प्रत्येक रुग्णाचं तोंड खिडकीकडे आणि बाहेरच्या डोंगराकडे आलं. दगड तिथलाच, ज्वालामुखीचा, आणि तो घडवला तिथल्याच गवंड्यांनी.

दुसऱ्या बाजूने एक मोठा गैरसमज आपली खासगी रुग्णालयं पसरवत आहेत, आणि सरकारी नकाशे त्यांचीच नक्कल करायला लागले आहेत. दोन मजली उंच लॉबी, संगमरवर, कॉफीचं दुकान, बाहेरून अखंड काच. इमारतीचा विचार केला म्हणजे हॉटेल बांधलं, असं लोकांना वाटायला लागलंय. त्यामुळेच खिडकी मागितली की समोरचा म्हणतो, आम्हाला फाइव्ह स्टार नको. आम्हालाही नको! त्या लॉबीत रुग्ण फार तर दहा मिनिटं असतो, ती त्याच्या माणसांच्या खिशासाठी बांधलेली असते. कोलकात्याच्या ढाकुरियात ‘आमरी’ रुग्णालयाला ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे तळघरात आग लागली. धूर वर चढला, एसीच्या वाटांनी खोल्याखोल्यांत पोहोचला, आणि काचेने बंद केलेल्या इमारतीतून त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. सुमारे नव्वद माणसं गेली, बहुतेक गुदमरून. अग्निशमन दलाला काचा फोडाव्या लागल्या. आपल्याकडे ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं दगावली, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आयसीयूला आग लागून ११ रुग्ण त्याच दिवशी गेले. तिथली कारणं आणि जबाबदाऱ्या वेगवेगळ्या. पण ज्याला उठून पळता येत नाही अशा माणसाला ठेवायच्या खोलीतून धूर कुठून बाहेर जाणार आणि खाट कुठून बाहेर निघणार, हा प्रश्न बांधणाऱ्यानेच आधी सोडवायचा असतो. उघडता येणारी खिडकी आणि रुंद व्हरांडा यांचा कोलकात्यातल्या त्या पहाटे उपयोग झाला असता, आणि रोजच्या सकाळीही झाला असता.

‘आधी डॉक्टर’ म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा उरतो आणि तो मी पूर्ण मान्य करते. डॉक्टर आणि सिस्टर नसतील तर सुंदर इमारत रिकामीच राहते, आणि अशा रिकाम्या इमारती महाराष्ट्रात आहेत. पण डॉक्टर-सिस्टर टिकत नाहीत त्याला पगाराबरोबर इमारतही कारण आहे. रात्रपाळीच्या सिस्टरच्या टेबलावरून निम्म्या खाटा खांबांआड गेलेल्या असतात, म्हणून ती रात्रभर फेऱ्या मारते. तिला कपडे बदलायला खोली नाही, हात धुवायचं बेसिन वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि मग तीच हात धुवत नाही म्हणून तिला नोटीस निघते.

९ ऑक्टोबर २०२४ ला महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. जालना, वाशीम, बुलडाणा, हिंगोली, भंडारा, गडचिरोली ही नावं त्यात आहेत. महाविद्यालय म्हटलं की शेकडो खाटांचं रुग्णालय आलं. येत्या काही वर्षांत या गावांमध्ये उभं राहील ते पुढची साठ-सत्तर वर्षं लाखो माणसांच्या वाट्याला येणार आहे. त्या नकाशांवर सही व्हायच्या आधी ते वॉर्डाच्या दोन जुन्या सिस्टरांपुढे, एका सफाई कामगारापुढे आणि महिनाभर कॉटखाली झोपलेल्या एका नातेवाइकापुढे ठेवले जावेत, अशी माझी मागणी आहे. नकाशातल्या एका खाटेवर बोट ठेवून त्यांनी अभियंत्याला विचारावं: इथे पडलेल्या माणसाला काय दिसेल, रात्री त्याच्या डोळ्यांवर कुठला दिवा येईल, शेजाऱ्याच्या खोकल्याची हवा कुठून बाहेर जाईल, संडासापर्यंत किती पावलं आहेत आणि वाटेत उंबरा आहे का, दार कुठल्या बाजूला उघडतं, आणि त्याची बायको रात्री कुठे झोपणार आहे. याची उत्तरं नकाशावर दाखवता आली नाहीत, तर सही करू नये. डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरण्याची मागणी त्याच बैठकीत करावी. मी तिथे ‘आधी डॉक्टर’ म्हणणाऱ्यांच्याच बाजूने उभी असेन.